शेवटच्या बाकापर्यंत : आचार्य अत्रे यांची अनेक रूपे

गेल्या मे महिन्यात शहापूरच्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरायला काढला. तांब्याची भांडी, मोडका पाळणा, हातमागाचे दोन धोटे आणि सगळ्यात शेवटी एक पत्र्याची ट्रंक सापडली. ट्रंकेत सुतळीने बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. कडा तपकिरी झालेल्या, घडीवर कागद तुटू लागलेला. नाव वाचले : 'मराठा'. माझे आजोबा मागावर बसणारे विणकर. शिक्षण मराठी चौथी. पण आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी कुलपात ठेवल्या, घराचे कागद आणि हे गठ्ठे.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, रद्दीवाला उद्या येणार आहे बघ." तेवढ्यात माझी मुलगी पुढे आली. ती नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी बोलते खणखणीत, वाचते मात्र अडखळत. तिने एक अंक उचलला, संपादकाचे नाव एकेक अक्षर जुळवत वाचले आणि विचारले, "बाबा, अत्रे म्हणजे 'श्यामची आई' पिक्चर काढणारे ना? मग त्यांनी पेपर कशाला काढला? आणि आमच्या पुस्तकात ती आजीच्या घड्याळाची कविता होती म्हणून तुम्ही सांगता, तीही त्यांचीच?"

मी म्हटले, "हो, तीही त्यांचीच." पण पुढे काय सांगावे ते सुचेना. मंडळाच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवले, मुलीच्या प्रश्नाचे उत्तरच लिहावे. मी काही साहित्याचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेला साधा माणूस आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

सासवडचा मुलगा, पुण्याचा मास्तर

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यात सासवडजवळच्या कोडीत खुर्द या गावी झाला. सासवड म्हणजे पुरंदर किल्ल्याच्या सावलीतले गाव, सोपानदेवांच्या समाधीचे गाव. तिथून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचे नाव त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला दिले. 'कऱ्हेचे पाणी' हे आत्मचरित्र अनेक खंडांचे आहे, पण हातात घेतले की कादंबरीसारखे सरकते.

पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना त्यांना राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला. गडकऱ्यांना ते आयुष्यभर गुरू मानत राहिले. १९१९ च्या जानेवारीत गडकरी वारले. त्यानंतर बी. ए. झालेल्या अत्र्यांनी पोटासाठी जो पेशा धरला तो लेखकाचा नव्हता, मास्तरकीचा होता. पुण्याच्या कॅम्पमधली शाळा त्यांनी नावारूपाला आणली, मुख्याध्यापक म्हणून वर्षानुवर्षे चालवली आणि मुलींसाठीही शाळा उभी केली. मधल्या काळात लंडनला जाऊन ते शिक्षणशास्त्राचा डिप्लोमा घेऊन आले. डिप्लोमा त्यांचाही, डिप्लोमा माझाही. साम्य तिथेच संपते.

ही मास्तरकी लक्षात ठेवावी अशी माझी वाचकांना विनंती आहे. कारण पुढे या माणसाने जे जे केले त्याची किल्ली इथे आहे. वर्गात पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांना कोणीही शिकवतो. खरा मास्तर तो, ज्याचे बोलणे शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलापर्यंत पोचते. अत्रे शाळा सोडून गेले, पण शेवटच्या बाकाकडे बघून बोलायची त्यांची सवय कधी सुटली नाही.

त्याच काळात ते 'केशवकुमार' या नावाने कविता लिहीत होते. 'आजीचे घड्याळ' ही कविता त्या केशवकुमारांची. चाळिशी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांना ती शाळेपासून तोंडपाठ असेल. पण केशवकुमारांचे नाव गाजले ते 'झेंडूची फुले' या संग्रहामुळे. हा संग्रह १९२५ चा. त्या वेळी पुण्यात रविकिरण मंडळातील कवींचा बोलबाला होता. चहापानाच्या बैठका, हळुवार प्रेमगीते, भरजरी शब्द असा थाट. अत्र्यांनी त्या सगळ्याचे विडंबन केले. 'प्रेमाचा गुलकंद' या कवितेत प्रियकर रोज गुलाब पाठवतो आणि शेवटी कळते की प्रेयसीने त्या सगळ्या फुलांचा गुलकंद केला आहे! विडंबन करायचे तर मूळ कवितेचे छंद, शब्द, लकबी आधी स्वतःच्या हातात याव्या लागतात. नक्कल करणाऱ्याला अस्सल गाणे यावे लागते, तसेच हे. दुसऱ्याच्या तोंडची भाषा हुबेहूब उचलण्याचे हे कसब पुढे नाटकात आणि सिनेमात त्यांच्या कामी आले.

'नवयुग वाचनमाला' या शालेय पुस्तकांमागेही त्यांचा हात होता. मुलांना कळेल, रुचेल असे मराठी क्रमिक पुस्तकात असावे, हा त्यांचा आग्रह. म्हणजे त्यांच्या नाटकाला जाण्याच्या वयाचे होण्याआधीच कितीतरी मुले त्यांच्या हाताखालून गेली होती.

ओस पडलेल्या थिएटरात हशा

१९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे धाबे दणाणले. चार-पाच तासांच्या संगीत नाटकापेक्षा लोकांना पडद्यावरची बोलकी चित्रे बघावीशी वाटू लागली. एकेका कंपनीने गाशा गुंडाळला. नेमक्या त्याच वेळी, १९३३ मध्ये, अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आले. 'बालमोहन' नाटक मंडळीने ते केले. त्यापाठोपाठ 'घराबाहेर' (१९३४), 'भ्रमाचा भोपळा' (१९३५), 'उद्याचा संसार' आणि 'लग्नाची बेडी' (दोन्ही १९३६).

या नाटकांत पुराणातले राजे नव्हते. आपल्या शेजारच्या घरातली माणसे होती. नमस्काराच्या व्यायामाचे वेड घेतलेला गृहस्थ, घुसमट असह्य होऊन घराबाहेर पाऊल टाकणारी सून, कायद्याच्या आणि पुरुषाच्या कचाट्यात सापडलेली बायको. हसवता हसवता ते प्रेक्षकाच्या मांडीला हळूच चिमटा काढत. 'घराबाहेर' आणि 'उद्याचा संसार' ही तर विनोदाच्या वेष्टनातली नाटके नव्हेतच. स्त्रीच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचा सरळ जाब विचारणारी आहेत. परदेशी नाटकांकडूनही त्यांनी मोकळ्या मनाने घेतले. 'मोरूची मावशी' हे इंग्रजी 'चार्लीज आँट' वरून, 'कवडीचुंबक' हे मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या कंजुषावरून. पण मोरूची ती मावशी इतकी आपली झाली की ती साहेबाच्या घरून आली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कोल्हापूरच्या वाटेने पडद्यावर

ज्या सिनेमाने नाटकाला मारले, त्याच सिनेमाने नाटककार अत्र्यांना बोलावून घेतले. १९३६ मध्ये बाबुराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात 'हंस पिक्चर्स' काढली. कोल्हापूर म्हणजे आपल्या बेळगावकरांना सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगे गाव. हंसचा पहिला चित्रपट 'छाया' वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरला. त्यानंतर अत्रे आले. एकाच कंपनीत खांडेकरांचे डोळ्यांत पाणी आणणारे चित्रपट आणि अत्र्यांचे पोट धरून हसवणारे. विनायकांनी दोघांनाही न्याय दिला.

'धर्मवीर' आणि 'प्रेमवीर' हे १९३७ चे. 'धर्मवीर'चा गाभा इब्सेनच्या नाटकाचा. समाजात प्रतिष्ठित म्हणून मिरवणाऱ्या माणसाचा आतला पोकळपणा त्यात दाखवला होता. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'ने तर धमाल उडवली. आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केलेला औदुंबर आणि त्याच्या प्रतिज्ञेची परीक्षा घेणारी किशोरी. मास्टर विनायक आणि मीनाक्षी शिरोडकर. मीनाक्षीबाई त्यात पोहण्याच्या पोशाखात दिसल्या म्हणून गावोगावी वाद झाले आणि वाद करणारेही तिकीट काढून बघून आले!

मला स्वतःला सगळ्यांत जवळचा वाटतो तो १९३९ चा 'ब्रँडीची बाटली'. कारण त्याचा नायक माझ्यासारखाच कारकुनी पेशाचा आहे. दामुअण्णा मालवणकरांनी रंगवलेला बगाराम हा म्युनिसिपालिटीतला भित्रा कारकून. दारूला कधी न शिवलेला. त्याच्यावर ब्रँडीची बाटली पैदा करण्याची वेळ येते आणि ती कुठे मिळते हेही त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा मुंबई इलाख्यात दारूबंदीचे वारे वाहत होते. अत्र्यांनी त्यावर ना व्याख्यान दिले, ना प्रबंध लिहिला. एक कारकून रस्त्यावर सोडून दिला आणि बाकीचे काम प्रेक्षकांच्या हसण्यावर सोपवले.

पुढे 'अत्रे पिक्चर्स' नावाने त्यांनी स्वतःच चित्रपट काढायला सुरुवात केली. लेखक दुसऱ्याच्या पैशावर लिहितो तोवर ठीक. स्वतःच निर्माता झाला की चांगल्या चांगल्यांची झोप उडते. पण याच वाटेवर त्यांच्या हातून ते काम झाले ज्यासाठी आजही घराघरांत त्यांचे नाव निघते.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली. १९५० च्या जूनमध्ये गुरुजी गेले. तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, अत्र्यांनी तो चित्रपट पूर्ण केला. निर्माते तेच, दिग्दर्शकही तेच. श्यामच्या भूमिकेत माधव वझे आणि आईच्या भूमिकेत वनमाला. ही वनमालाबाई म्हणजे ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातली सुशिक्षित मुलगी, हिंदी पडद्यावरही गाजलेली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. कोकणातल्या त्या गरीब आईचा जो चेहरा साऱ्या महाराष्ट्राच्या मनात कोरला गेला आहे, तो ग्वाल्हेरहून आला होता.

१९५४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळाले. त्या वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'ही शर्यतीत होता आणि त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले, एवढे सांगितले म्हणजे स्पर्धा किती तोडीची होती ते कळेल. यानंतर मराठी चित्रपटाला तो पहिला मान पुन्हा मिळायला 'श्वास' यावा लागला. मध्ये पन्नास वर्षे गेली.

लगेच दुसऱ्या वर्षी त्यांनी 'महात्मा फुले' काढला. फुल्यांच्या भूमिकेत बाबुराव पेंढारकर, सावित्रीबाईंच्या भूमिकेत सुलोचनाबाई. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. आज फुल्यांचे नाव सर्वांच्या ओठी आहे. १९५४ मध्ये फुल्यांवर स्वतःचे पैसे घालून सिनेमा काढणे ही गोष्ट निराळी होती. ज्या माणसाने 'ब्रह्मचारी' लिहिला, त्यानेच 'श्यामची आई' आणि 'महात्मा फुले' केले, हे ध्यानात घेतले तर विनोदी लेखक या एका शब्दात त्यांना बसवता येत नाही.

दोन तारखा

आता मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक घरात असलेल्या, साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने दैनिक वर्तमानपत्र काढायचे काय अडले होते?

वर्तमानपत्राचा धंदा त्यांना नवा नव्हता. १९४० पासून ते 'नवयुग' हे साप्ताहिक चालवत होते. मध्यंतरी 'जयहिंद' नावाचे सायंदैनिकही त्यांनी चालवले. १९४२ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण दैनिक म्हणजे रोजचा यज्ञ. कागद, शाई, कंपोझिटर, वार्ताहर, पगार यांची तोंडमिळवणी रोज करायची.

इथे दोन तारखा शेजारी शेजारी ठेवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यांची फेररचना अमलात आली. बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. आणि १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे बरोबर दोन आठवड्यांनी, मुंबईत दैनिक 'मराठा'चा पहिला अंक निघाला.

पार्श्वभूमी आपल्याकडच्या जुन्या मंडळींना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी थोडक्यात. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या संमेलनात झाला ते १९४६ चे साहित्य संमेलन आपल्या बेळगावातच भरले होते. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, तेही कादंबरीकार आणि पत्रकार. म्हणजे या चळवळीचे बीज एका साहित्याच्या मांडवात, आपल्या गावात पडले. पुढे १९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १७ जानेवारी १९५६ ला आपल्या भागातही माणसे गेली. तो दिवस आपण आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समितीकडे डांगे, एस. एम. जोशी यांच्यासारखे पुढारी होते, सभांना लाखांची गर्दी होती. नव्हते ते फक्त रोज सकाळी घराघरांत जाणारे स्वतःचे वर्तमानपत्र. ती उणीव अत्र्यांनी भरून काढली.

आजोबांच्या गठ्ठ्यातले अंक मी रात्री जेवणानंतर वाचत बसलो. मथळे हातभर लांब. अग्रलेख वाचतो आहोत असे वाटतच नाही. समोर उभा राहून कोणी बोलतो आहे असे वाटते. वाक्ये छोटी. एकच मुद्दा तीन तऱ्हांनी सांगितलेला, म्हणजे पहिल्यांदा निसटला तर दुसऱ्यांदा हाती लागावा. मध्येच एक कोटी, मध्येच गावाकडची म्हण, आणि शेवटी टाळी पडावी असे वाक्य. हे नाटकाचे तंत्र आहे. अंक पडताना काय बोलावे हे ज्याला ठाऊक, त्यालाच अग्रलेखाचा शेवट असा करता येतो. कोणत्या माणसाच्या तोंडी कोणती भाषा शोभते हे त्यांना विडंबनाने शिकवले. प्रसंग डोळ्यांपुढे कसा उभा करायचा हे सिनेमाने शिकवले. आणि न कळणाऱ्याला कसे कळवायचे हे शाळेने. चौथी शिकलेला एक विणकर तो अग्रलेख मागाशेजारी बसून वाचू शकत होता. पहिल्या बाकासाठी लिहिणारे संपादक तेव्हाही पुष्कळ होते.

१९५७ च्या निवडणुकीत समितीने मोठे यश मिळवले. अत्रेही मुंबईतून विधानसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

बेळगाव त्यात नव्हते. निपाणी नव्हते, खानापूर नव्हते. आजोबांच्या गठ्ठ्यात मे १९६० चे अंकही आहेत. सगळ्यांच्या घरी पेढे, आणि त्या अंकांवर आजोबांनी पेन्सिलने काही लिहिलेले नाही. बाकी अंकांवर ते अधूनमधून खुणा करत. या अंकांवर एकही खूण नाही. 'मराठा'ने मात्र सीमाभागाचा प्रश्न सोडला नाही, शेवटपर्यंत लावून धरला. आजोबा तो का जपत होते, ते मला या वयात कळले. ज्या घरात सगळे जेवायला बसले त्या घरातला एक जण दाराशी उभ्या असलेल्याचे नाव घेत होता, एवढेच त्यांना पुरेसे होते.

जे खटकते तेही

थोर माणसाबद्दल लिहिताना सगळे गोडच लिहायचे अशी आपल्याकडे रीत आहे. अत्र्यांच्या बाबतीत ते चालणार नाही, त्यांनाही ते आवडले नसते. त्यांची लेखणी प्रतिपक्षावर तुटून पडली की तिला धरबंध राहत नसे. ना. सी. फडके, पु. भा. भावे यांच्याशी त्यांचे झालेले वाद मराठी वाङ्मयात गाजलेले आहेत, पण सगळेच काही अभिमानाने सांगावेत असे नाहीत. गठ्ठ्यातले काही मजकूर मी मुलीला वाचून दाखवू शकलो नाही. अतिशयोक्ती हा तर त्यांचा स्वभावच. दहा हजार वर्षांत असे झाले नाही, हे पालुपद त्यांच्या भाषणांत इतके येई की लोक त्यावरून त्यांचीच चेष्टा करत.

पण याच माणसाने प्रतापगडावर ज्यांना काळी निशाणे दाखवली, ते नेहरू १९६४ मध्ये गेले तेव्हा 'सूर्यास्त' या नावाची अग्रलेखमाला लिहिली. ती पुढे पुस्तकरूपाने आली. ती वाचताना लिहिणाऱ्याचे डोळे कोरडे नव्हते हे कळते. भांडण राज्याच्या सीमेचे होते, माणसाचे मोठेपण त्यांनी त्यात बुडवले नाही. आजकाल भांडणे वाढली आहेत, ही दुसरी बाजू तेवढी कमी झाली आहे.

निपाणीचा लखोबा

चळवळ, विधानसभा, दैनिक, कर्ज हे सगळे चालू असताना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी 'तो मी नव्हेच' लिहिले. ऑक्टोबर १९६२ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. नाट्यनिकेतनने केलेल्या या नाटकाचे दिग्दर्शक मो. ग. रांगणेकर. फिरता रंगमंच आणि पाच वेषांत प्रभाकर पणशीकर. एका खऱ्या ठकसेनाच्या खटल्यावरून सुचलेली ही गोष्ट. अनेक बायकांना फसवणारा माणूस न्यायालयात उभा राहून सांगतो की तो मी नव्हेच.

आणि तो स्वतःला म्हणवतो कोण? निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे! महाराष्ट्राच्या नकाशात जे निपाणी बसले नाही, ते अत्र्यांनी मराठी रंगभूमीवर कायमचे बसवले. मुंबई-पुण्यातल्या ज्या प्रेक्षकाला निपाणी कुठल्या राज्यात आहे हे सांगता आले नसते, त्यालाही निपाणीची तंबाखू पाठ झाली.

याहून मोठी गंमत पुढे आहे. पणशीकरांनी हे नाटक कन्नडमधूनही केले. म्हणजे सीमेसाठी दोन्हीकडची माणसे भांडत असताना, त्याच अत्र्यांच्या लखोबाने कन्नड प्रेक्षकांनाही खुर्चीत खिळवून ठेवले. मी रोज ऑफिसात कन्नडमध्ये फायली लिहितो. ती भाषा मला येते, आवडतेही; माझ्या घरची चूल तिच्यावर चालते. शेजारच्या टेबलावरचे माझे कन्नड सहकारी गणपतीला आमच्या घरी मोदक खायला येतात. त्यांना मी लखोबाची गोष्ट सांगितली तेव्हा ते माझ्याइतकेच हसले. चांगली कलाकृती सीमेवर अडत नाही, तिला जकात लागत नाही.

आपल्यापुरते

१३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. 'मराठा' त्यांच्यामागे काही वर्षे चालला आणि बंद पडला. त्यांच्या कन्या शिरीष पै यांनी कवितेचा वारसा चालवला. हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजवला तो त्यांनी.

मुलीला मी शेवटी जे सांगितले ते असे. अत्र्यांनी धंदे बदलले नाहीत ग. ते एकच काम करत होते. ज्याला मराठी वाचायची सवय नाही त्याला ती लावायची. मुलांसाठी क्रमिक पुस्तक केले, कॉलेजच्या पोरांसाठी विडंबन, संसारी माणसांसाठी नाटक, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सिनेमा आणि तुझ्या पणजोबांसाठी वर्तमानपत्र. दरवाजे पाच, घर एकच.

आणि इथेच आपण सीमाभागातल्या, इंदूर-बडोद्याच्या, हैदराबाद-ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. भाषेचा अभिमान आपल्याकडे भरपूर आहे. फलक मराठी, घोषणा मराठी, मिरवणूक मराठी. पण आपल्या घरात मराठीचे किती दरवाजे उघडे आहेत? महिन्यात एक मराठी पुस्तक घरात येते का? मुले मराठी नाटकाला शेवटची कधी गेली? माझ्याच घरात मुलीला अत्र्यांचे नाव अक्षर जुळवून वाचावे लागले, यात दोष सरकारचा नाही, शाळेचा नाही. माझा आहे. मी दर १७ जानेवारीला हुतात्म्यांना फूल वाहत आलो, आणि त्यांनी ज्या भाषेसाठी जीव दिला ती पोरीला वाचायला शिकवायची राहून गेली.

रद्दीवाला दुसऱ्या दिवशी आला आणि मोडका पाळणा घेऊन गेला. गठ्ठे घरातच आहेत. आता रोज रात्री जेवणानंतर मुलगी एका अंकातल्या दहा ओळी मोठ्याने वाचते. जोडाक्षराला अडते, मी सांगतो, ती पुढे जाते. माझी आई शेजारी बसून ऐकते आणि मध्येच म्हणते, "तुझे आजोबा हेच वाचायचे बघ, याच पायरीवर बसून." परवा एका कोटीवर मुलगी न सांगता हसली. साठ वर्षांपूर्वीचा विनोद, इंग्रजी शाळेतली मुलगी, आणि मधे एकही अर्थ सांगणारा नाही.

शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला म्हणायचा.

गणपती बाप्पा मोरया!